मजुरांना सल्ला पुरे, बांधावर सावली आणि पाणी द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्च सरत आला की वर्तमानपत्रांत एक चौकट ठरल्याप्रमाणे येते : दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला, भरपूर पाणी प्या. सल्ला चुकीचा नाही. पण कांदा काढणीला, ऊसतोडीला, धसकटे वेचायला किंवा द्राक्षबागेत खरड छाटणीला गेलेल्या माणसाने तो पाळायचा कसा, हे त्या चौकटीत नसते. त्याच्या कामाची वेळ मालक किंवा मुकादम ठरवतो. पाणी कुठे ठेवायचे तेही तोच ठरवतो. विसावा घेतला की मजुरी बुडते. शेतमजुराचा उन्हाचा धोका त्याच्या सवयींपेक्षा कामाच्या मांडणीत जास्त आहे, आणि ती मांडणी बदलायला फार पैसा लागत नाही. म्हणून हे पत्र.

आधी तापमानाच्या आकड्याबद्दल. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त चढले, की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. पारा ४५ वर गेला तर सरासरीकडे न बघताही. पण हे तापमान पांढऱ्या जाळीदार पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर मोजलेले असते. कांदा काढणारी बाई उकिडवी बसलेली असते, तिचे तोंड मातीपासून जेमतेम दोन फुटांवर. मे महिन्यात उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग दुपारी ५५-६० अंशांपर्यंत तापतो. म्हणजे वरून ऊन आणि खालून झळ. उसाच्या फडात वारा शिरत नाही. पॉलिहाऊसमध्ये बाहेरच्यापेक्षा काही अंश जास्त उष्मा असतो आणि वर दमटपणा. हळद शिजवणीच्या कुकरजवळ तर उन्हात वाफेची भर पडते. जिल्ह्याचा आकडा ४१ असला, तरी या चार ठिकाणच्या मजुरांच्या वाट्याला येणारी उष्णता वेगवेगळी आणि चौघांनाही ४१ पेक्षा जास्तच असते.

दुसरे म्हणजे दमटपणा. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा गरम झाली की शरीर गार ठेवायला घाम वाळणे हा एकच मार्ग उरतो. माठ बाहेरून पाझरून वाळतो म्हणून आतले पाणी गार राहते, तसाच हा प्रकार. चंद्रपूर-अकोल्याच्या कोरड्या ४४ अंशांत घाम सुटल्या सुटल्या उडून जातो. अंग कोरडे दिसते, त्यामुळे तासाला लिटरभर पाणी गेले तरी माणसाला पत्ता लागत नाही. मृगाच्या तोंडावर एखादी सर पडून गेल्यावर ३६ अंशांतच घाम नुसता निथळतो, पण वाळत नाही, आणि निथळलेला घाम काही गारवा देत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात उष्माघाताने बळी गेले, तेव्हा त्या भागात पारा चाळिशीच्या आतच होता, आणि ती माणसे कार्यक्रमाला आलेली होती, कोयता चालवत नव्हती. अंगमेहनतीत स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा जेमतेम पाचवा हिस्सा कामात उतरतो, बाकीची उष्णता होऊन शरीरातच राहते. म्हणून तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र धरून काढलेला ‘वेट बल्ब ग्लोब’ आकडा कामगारांसाठी वापरतात. उन्हाला सरावलेल्या निरोगी माणसाच्या मध्यम कामासाठी आंतरराष्ट्रीय मानकात त्याची मर्यादा २८ अंशांच्या आसपास धरली आहे, जड कामासाठी २६. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हा आकडा सहज तिशी ओलांडतो. अर्थ सरळ आहे : त्या वेळी सलग काम करता येत नाही, मध्ये विसावा घ्यावाच लागतो, माणूस कितीही काटक असो.

आता पाण्याचा हिशेब. उन्हात काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर पाणी प्यावे. तासाला पाऊण ते एक लिटर होते. तहान लागेपर्यंत थांबायचे नाही, कारण तहान उशिरा लागते. सकाळी सहा ते साडेअकराच्या पाळीत माणशी चार ते पाच लिटर, दहा मजुरांना ४५-५० लिटर. म्हणजे २० लिटरचे अडीच जार नुसते प्यायला. डोके, मान, बाह्या भिजवायला आणखी एक जार धरावा. प्रत्यक्षात दहा जणांमागे एखादा कॅन असतो, तोही बांधावर उन्हात. तासाभरात ते पाणी चहासारखे होते आणि मग दोन घोटांपलीकडे कोणी पीत नाही. कॅनला ओले गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवले किंवा सरळ माठ नेला, तर माणसे आपसूक जास्त पितात. कीटकनाशकाचे रिकामे डबे पाण्याला वापरायचे नाहीत, कितीही धुतले तरी.

पण खरी मेख अंतराची आहे. पाच एकरांचे चौरस शेत धरले तर एक बाजू सुमारे १४० मीटर. पात, म्हणजे कामाची आपल्या वाट्याची ओळ, धरलेली बाई मधूनच उठून बांधापर्यंत जाऊन यायची म्हणजे इतर जणी पुढे निघून जाणार आणि मालकाचे बोलणे खावे लागणार. म्हणून ती पात संपेपर्यंत थांबते; पात संपायला तासभर लागतो. यावर उपाय जुनाच आहे : पाणक्या. दहा-बारा जणांत एकाने आळीपाळीने पाणी घेऊन पातीपर्यंत जायचे आणि त्याचा तो वेळ मजुरीत धरायचा. एका माणसाचा थोडा वेळ जातो, पण बाकीच्यांच्या फेऱ्या वाचतात.

बाया पाणी कमी पितात याचे दुसरे कारण उघडपणे कोणी बोलत नाही. काढणी झालेल्या मोकळ्या रानात आडोसा नसतो. लघवीला जायला लागू नये म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर राहायचे, दिवसभर रोखून धरायचे, असे हजारो बाया करतात. मूत्रमार्गाचा संसर्ग, जळजळ, ताप हे त्यातून होतेच, आणि आधीच पाणी कमी पडलेल्या शरीराला ऊन लवकर बाधते. चार बांबू, दोन जुन्या साड्या आणि एक बादली पाणी एवढ्यात हलवता येणारा आडोसा होतो. ‘भरपूर पाणी प्या’ असे बाईला सांगण्याआधी एवढे करावे. ते केले नसेल तर सांगूही नये.

नुसते पाणीही पुरत नाही. घामातून मीठ जाते. पोटऱ्यांत, पोटात गोळे येतात ते त्यामुळे. उपाशीपोटी पाच-सहा तास फक्त पाणीच ढोसत राहिले तर रक्तातले सोडियम घसरते. डोके दुखते, उलटी होते, माणूस बरळतो, आणि लोकांना वाटते पाणी कमी पडले म्हणून आणखी पाजतात. तासाला दीड लिटरच्या वर पाणी कधीच नको. भाकरी, मीठ घातलेले ताक, ज्वारीची आंबील, कैरीचे पन्हे ही आपली जुनी योजना अगदी बरोबर आहे. ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवायच्या मीठ-साखरेची, मोठी पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची. अर्धी पुडी पेल्यात टाकून पिणे चूक, मीठ-साखरेचे प्रमाण बिघडते. कालवलेले २४ तासांत संपवायचे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानात मिळणारी गोड डबाबंद पेये म्हणजे ओआरएस नव्हे. नावात ते शब्द घालायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली ती याचसाठी. रक्तदाबाच्या रुग्णांनी जादा मीठ डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि ‘पाणी काढणाऱ्या’ गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात एकदा दाखवून यावे. कांद्याबद्दलही सांगून टाकतो : भाकरीबरोबर खावा, खिशात ठेवून काही होत नाही.

सावली. बांधावरची बाभूळ-निंबाची झाडे गेली, आता मजूर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली बसतात. तिथे वरचा लोखंडी पत्रा तापलेला असतो. ताडपत्री डोक्यापासून हातभर उंचीवर ताणली तर तीही खाली झळ मारते. सात फूट उंचीचे चार बांबू, वर ७५ टक्के सावलीची शेडनेट किंवा दुहेरी केलेल्या जुन्या सुती साड्या, चारी बाजू वाऱ्याला मोकळ्या. हे दोन माणसे पंधरा मिनिटांत उभे करतात आणि काम पुढे सरकले की उचलून नेतात. दहा माणसे एका वेळी बसतील एवढे असावे. लेकराची झोळीही तिथेच. एक मात्र बघावे : झोळीवर जाड पांघरूण टाकले की ऊन अडते, पण आत हवा कोंडते आणि मूल आतल्या आत तापते.

कपड्यांच्या बाबतीत बायांनी आपला मार्ग आधीच काढला आहे. साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, हा पोशाख उन्हाला योग्यच आहे. फक्त शर्ट आणि साडी सुती हवी, नायलॉनची घाम धरून ठेवते. कोरड्या भागात रुमाल आणि बाह्या अर्ध्या तासाने भिजवल्या तर खूप फरक पडतो. दमट हवेत भिजवण्याचा उपयोग कमी, तिथे वारा लागणे महत्त्वाचे.

वेळेबाबत मात्र एक सावधगिरी. ‘पहाटे पाचला काम सुरू करा’ हे वातानुकूलित खोलीतून सांगणे सोपे आहे. पाचला शेतात पोचायचे तर बाईला तीनला उठून पाणी भरून, भाकऱ्या थापून निघावे लागते. पत्र्याच्या घरात रात्री उकाड्याने झोप लागत नाही, त्यात ही दोन तासांची कपात. आणि अपुरी झोप हा उष्माघाताचा एक मोठा धोका. शिवाय जुन्नर, अहिल्यानगर, नाशिकच्या उसात अंधारात शिरणे म्हणजे बिबट्याची भीती. सकाळ-संध्याकाळ अशी तोडलेली पाळीही बायांना परवडत नाही, दोनदा चालत जावे लागते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात सकाळपाळीची पद्धत आहेच. सहा-साडेसहा ते साडेअकरा, मध्ये दोन विसावे, आणि मजुरी पूर्ण दिवसाची. हे सगळ्यांत व्यवहार्य. ती बिघडते कुठे? काम उक्ते किंवा गुत्त्याने, म्हणजे सगळ्या कामाचे ठोक पैसे ठरवून, असले की ‘एवढे दोन वाफे उरलेत, आटपूनच जाऊ’ म्हणता म्हणता एक वाजतो. पेटलेला ऊस असेल तर तो त्याच दिवशी तोडायची घाई, पायाखाली गरम राख. बहुतेक प्रकरणे या शेवटच्या दीड तासात होतात, असे आमचे निरीक्षण आहे.

आणि पहिल्या आठवड्यात. शरीर उन्हाला सरावते, पण त्याला सात ते चौदा दिवस लागतात : घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. आठवडाभर काम सुटले की हा सराव ओसरायला लागतो. अमेरिकेत कामाच्या ठिकाणी उष्णतेने झालेल्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे पहिल्याच दिवशी झालेले आढळले, आणि सत्तर टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. आपल्याकडे हा धोका कुठे दबा धरून असतो? लगनसराईत दहा-पंधरा दिवस कामाला न गेलेला मजूर मेच्या अखेरीस एकदम धसकटे वेचायला, शेणखत पसरायला उतरतो तेव्हा. सुरगाणा-पेठच्या डोंगरातून नाशिकच्या द्राक्षबागांत खरड छाटणीला आलेल्या टोळीच्या पहिल्या चार दिवसांत. तापातून किंवा जुलाबातून उठलेल्याच्या पहिल्या दिवशी. आणि मार्चमध्येच उन्हाने झडप घातली की सगळ्यांवर एकदम. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला होता, तेव्हा कोणाचेच अंग सरावलेले नव्हते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या एक पंचमांश वेळच उन्हातले काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवत न्यावे. जुना जाणता पण खंड पडलेला मजूर असेल तर पहिल्या दिवशी निम्मे, मग ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. उरलेल्या वेळात सावलीतले काम : कांदा निवडणे, बारदान शिवणे, हळदीचे गड्डे फोडणे. अशी कामे प्रत्येक शेतावर असतात.

हे सगळे मजुरीच्या पद्धतीवर येऊन अडते. ऊसतोडीत पैसे टनावर. वर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली, खाडा झाला तर कपात. नवरा-बायकोच्या जोडीने (तिलाच ‘कोयता’ म्हणतात) पाणी प्यायला थांबायचे तर ते स्वतःच्या खिशातून थांबणे होय. ‘विसावा दिला तर तोड घटेल’ असे कारखाने आणि मुकादम म्हणतात. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोरमध्ये उसाच्या फडातच याची परीक्षा झाली आहे. तिथे तोड्यांना पाठीवर पाण्याची पिशवी, हलवता येणारी सावली, ठरलेले विसावे आणि वजनाला बरा कोयता दिला. माणशी रोजची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. तोडीची पद्धत आपल्याहून वेगळी आहे, आकडे जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत. तरी विसाव्याने काम बुडते हा समज तिथे खोटा ठरला. कॅलिफोर्नियाने २००५ पासून शेतमालकांवर कायद्यानेच बंधन घातले आणि पुढे ते वाढवत नेले : माणशी तासाला सुमारे एक लिटर पाणी, मागेल तेव्हा सावली, ३५ अंशांच्या पुढे दर दोन तासांनी दहा मिनिटे सक्तीचा विसावा, नव्या मजुरावर पहिले १४ दिवस लक्ष. केरळात कामगार खाते उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उघड्यावरचे काम बंद ठेवायला लावते. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमापासून कारखान्याच्या आतले तापमान आणि पाणी यांचे नियम आहेत. अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी देणे त्या अधिनियमाने बंधनकारक केले होते. म्हणजे साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत असलेल्या माणसाला संरक्षण आहे, आणि त्याच कारखान्यासाठी फडात ऊस तोडणाऱ्याला नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याची आणि तेवढीच भर सरकारने घालण्याची योजना आहे. त्यातून प्रत्येक टोळीला एक शेडनेट, दोन माठ आणि ओआरएसच्या पुड्या द्यायला कोणाची हरकत असावी?

आता माणूस कोसळला तर काय. इथे चुकीच्या समजुतींमुळे जीव जातात, म्हणून जरा सविस्तर.

ऊन लागायला लागले की माणसाला थकवा, डोकेदुखी, मळमळ, गरगर जाणवते. तो बोलतो, उत्तरे देतो. त्याला सावलीत आडवे करून पाय थोडे वर ठेवावेत, कपडे सैल करून अंग भिजवावे, ओआरएस पाजावे. अर्ध्या तासात बरे वाटले पाहिजे आणि त्या दिवशी पुन्हा कामाला लावू नये. उष्माघात वेगळा. त्यात मेंदू बिघडतो. पात सोडून भलतीकडे चालणे, झोकांड्या, विनाकारण चिडणे, वार किंवा स्वतःच्या गावाचे नाव न सांगता येणे, फिट येणे, बेशुद्धी. ‘घाम थांबला म्हणजेच उष्माघात’ ही समजूत घातक आहे. अंगमेहनतीत होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते. काखेतल्या थर्मामीटरवरही विसंबू नये, आत ४१ अंश असताना तो बराच कमी दाखवतो. उन्हात काम करणारा माणूस बरळला की उष्माघात, एवढेच सूत्र धरावे. म्हणून मजुरांनी जोडीने काम करावे आणि एकमेकांशी बोलत राहावे. स्वतःचे डोके फिरले आहे हे स्वतःला कधीच कळत नाही.

मग करायचे काय? आधी गार करायचे, नंतर न्यायचे. १०८ ला फोन लावा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत हात बांधून बसू नका. शरीराचे तापमान अर्ध्या तासाच्या आत ३९ अंशांखाली आणले तर बहुतेक जण वाचतात. उशीर झाला की यकृत, मूत्रपिंड, मेंदू एकेक करून निकामी होतात. ताडपत्री प्रत्येक शेतावर असते. माणसाला तिच्या मधोमध झोपवा, चौघांनी कडा उचलून द्रोण करा, त्यात गार पाणी ओता आणि ताडपत्री हलवत राहा, म्हणजे पाणी अंगावरून फिरत राहील. डोके एकाने वर धरावे. बर्फ मिळाला तर त्यातच टाका. बोअरचे पाणी मेमध्येही शरीराच्या मानाने भरपूर गार असते, तेही चालते. ताडपत्री नसेल तर अंगभर पाणी ओतत राहा आणि सुपाने, पुठ्ठ्याने, ओढणीने जोरात वारा घाला. जमल्यास बर्फ मानेला, काखांत, जांघांत. फवारणीचा पंप पाणी मारायला वापरू नका, आत औषधाचा अंश असतो. आणि यासाठीच दोनशे लिटरचा एक ड्रम बांधावर, सावलीत, सकाळीच भरून ठेवलेला असावा. शेतीची थ्री फेज वीज आठ तास आणि तीही कधी रात्रपाळीची. दुपारी बारा वाजता मोटर चालू होईल या भरवशावर राहता येत नाही.

बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाते, कुशीवर वळवा. फिट आली म्हणून चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात, बाहेरची बाधा समजून भगताकडे नेण्यात वेळ घालवू नका. पॅरासिटॅमॉलने हा ताप उतरत नाही, कारण हा आजाराचा ताप नव्हे. उलट यकृतावर बोजा पडतो. गावातल्या दवाखान्यात ‘सलाईन लावून घेऊ’ हा आपला आवडता उपाय. सलाईनने पाणी भरून निघते, पण तेवढ्याने शरीर गार होत नाही. सलाईन चालू असतानाही ओले करणे आणि वारा घालणे चालूच ठेवायला हवे, गाडीतसुद्धा, खिडक्या उघड्या ठेवून.

उन्हात फवारणी करणारा कोसळला तर आणखी एक पेच असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त जण दगावले, ते अजून लोकांच्या लक्षात आहे. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या औषधांच्या विषबाधेतही घाम येतो, उलट्या होतात, माणूस बरळतो. पण त्यात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, स्नायू फुरफुरतात आणि अंग सहसा तापलेले नसते. कपडे काढून साबणाने अंग धुणे हे त्यात पहिले काम. उष्माघातात बाहुल्यांचे सहसा असे होत नाही आणि अंगाला चटका बसतो. औषधाची बाटली किंवा लेबल रुग्णाबरोबर पाठवा. डॉक्टरांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण विषबाधेवर दिले जाणारे ॲट्रोपिन घाम थांबवते. फवारणी सकाळी नऊच्या आत उरकावी हे दोन्ही दृष्टींनी बरे : घामाने भिजलेल्या कातडीतून औषध जास्त शिरते, आणि दुपारी संरक्षक कपडे अंगावर ठेवणे माणसाला अशक्य होते.

एक धोका सावकाशीचा आहे. दिवसभराची तोड करून पाठ-खांदे भरून येतात, मग किराणा दुकानातून डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळतात. मध्य अमेरिकेच्या ऊसपट्ट्यात मधुमेह किंवा रक्तदाब नसलेल्या तरुण तोड्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, त्यामागे उन्हातले जड काम हे एक मुख्य कारण मानले जाते. आपल्या कारखान्यांनी गाळप सुरू होताना आणि संपताना तोड्यांचे रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक, तपासावे. तपासणी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी होते. तोवर प्रत्येकाला करता येण्याजोगी खूण म्हणजे लघवीचा रंग. सकाळपाळी संपताना ती गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडले. चहाच्या रंगाची झाली तर स्नायू मोडू लागलेत, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

प्राथमिक आरोग्य केंद्रांत उष्माघात कक्ष दरवर्षी उघडतात. त्यात पंखा आणि खाटांबरोबर बर्फाची सोय, गुदद्वारातून तापमान घेण्याचा थर्मामीटर आणि माणूस बसेल असा टब आहे का, हे कोणीतरी जाऊन बघावे. आल्या आल्या तापमान मोजून कागदावर वेळेसह लिहिणे तर फुकट आहे. ते लिहिले नाही की मृत्यूची नोंद ‘हृदयविकार’ होते, शवविच्छेदनातही मग फारसे हाती लागत नाही, आणि वर्षअखेरीस जिल्ह्यात उष्माघाताचे बळी शून्य दिसतात. शून्याला निधी कोण देणार?

शेवटी आपल्याकडे एक मागणी. हवामानाच्या चौकटीत आपण शहराचे कमाल तापमान ठळक छापता. त्याच ओळीत सकाळची आणि दुपारची आर्द्रता आणि रात्रीचे किमान तापमानही छापावे. रात्रीचा पारा तिशीच्या आसपास राहिला असेल तर शरीराला विसावा मिळालेला नसतो, आणि त्या दिवशी कामाची पाळी अकरालाच आटोपावी एवढा निर्णय शेतकरी त्या आकड्यांवरून घेऊ शकेल. एप्रिल ते जून ही तीन महिन्यांची जागा द्यावी, ही विनंती.

आपले,
शेतमजुरांच्या आरोग्याच्या कामातले काही वाचक
(विदर्भ-मराठवाडा)